मदत हवी आहे: घशाच्या रेडिएशनमध्ये आईला खायला काय द्यावं?
आईला घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन चालू आहे, रोज 2 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक), सोमवार ते शुक्रवार. किरणांनी पेशीतल्या डीएनएचे धागे तुटतात. निरोगी पेशी ते बऱ्यापैकी सांधतात, कॅन्सरच्या पेशींना तेवढं जमत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. पण तोंडातल्या अस्तराच्या पेशीही भराभर वाढणाऱ्या, त्यामुळे तेही सोलवटलंय. लाळ चिकट, चव गेलेली, साधा वरणभातसुद्धा झोंबतो. मीठ-सोड्याच्या गुळण्या चालू आहेत. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा ना, गिळायला काय सोपं गेलं? लाळ कधी सुधारली?

शिवाय सासूबाई माझ्या मुलाला आईच्या मांडीवर बसू देत नाहीत, किरणं बाधतील म्हणून. मशीन शरीराबाहेर असतं, किरणं अंगात उरत नाहीत, हे त्यांना कसं पटवू? (हळदीचे उपाय नकोत, प्लीज.)