ठाणे-नवी मुंबईत शेअर ब्रोकरकडे प्रत्यक्ष काम शिकायला मिळेल का?

मी ठाण्यात टीवायबीएफएमला (फायनान्शियल मार्केट्सच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) आहे. एनआयएसएमची (सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची) इक्विटी डेरिव्हेटिव्हजची, म्हणजे शेअर्सच्या फ्युचर्स-ऑप्शन्सची परीक्षा झालीय, पेपर ट्रेडिंगही (खरे पैसे न लावता सराव) बरंच केलं. पण ऑर्डर पंच करणं (सिस्टीममध्ये टाकणं), मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची रक्कम), कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्यांची पावती), टी+1 सेटलमेंट (सौद्याच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी होणारी पैसे-शेअर्सची देवघेव) हे डीलरच्या टेबलावर कसं चालतं ते पाहिलेलं नाही. एक क्लासवाले चालू भावावर 'कॉल' (काय घ्यायचं-विकायचं त्याच्या टिप्स) देत शिकवू म्हणाले. सेबीची (बाजार नियामकाची) नोंदणी विचारली तर विषयच बदलला, त्यामुळे असले क्लास कृपया सुचवू नका.

कॉलेज साडेबाराला सुटतं, म्हणजे तिथे पोचून बाजार बंद होईपर्यंत दोनेक तास आणि नंतरचं बॅक ऑफिस जमेल. स्टायपेंड नसला तरी चालेल. फी मात्र परवडणार नाही.

वाशी किंवा ठाण्यात असं बसू देणारे ऑथराइज्ड पर्सन (ब्रोकरचे स्थानिक प्रतिनिधी, पूर्वीचे सब-ब्रोकर) कुणाच्या माहितीत आहेत का? आणि त्याआधी एनआयएसएमचीच सिरीज 7 परीक्षा (सिक्युरिटीज ऑपरेशन्स अँड रिस्क मॅनेजमेंट) दिलेली बरी का?