४२९४९६७२९७ ही मूळ संख्या नाही, मग कसोटीत पास कशी होते?

विषमसंख्या:
२^३२ + १ = ४२९४९६७२९७. हिला फ म्हणू. पायथनमध्ये २ च्या (फ−१) व्या घाताला फ ने भागलं तर बाकी १ येते. मूळ संख्येला अशी बाकी १ यायलाच हवी, म्हणजे फर्माच्या कसोटीत ही पास. पण ६४१ ने तर पूर्ण भाग जातो! कसोटी कुठे फसते? आणि ऑयलरने १७३२ साली ६४१ हाताने कसा शोधला? वर्गमूळ ६५५३६ च्या जरा पुढे, तिथपर्यंत साडेसहा हजार मूळ संख्या आहेत.

बाकीशून्य:
दोष २ हा आधार घेण्यात आहे. फ ने भागताना २^३२ ची बाकी −१, म्हणून २^६४ ची बाकी १. आता फ−१ म्हणजे २^३२, आणि त्याला ६४ ने भाग जातो. मग बाकी १ येणारच, संख्या मूळ असो वा नसो. सगळ्याच फर्मा संख्यांचं (२^(२^न) + १ या साच्यातल्या) असं होतं, तेव्हा इथे २ कधीच घेऊ नका.

३ घ्या. ३ चा ३१ वेळा वर्ग करा, दर वेळी फ ने भागून बाकीच पुढे न्या. फ मूळ असती तर शेवटी −१, म्हणजे ४२९४९६७२९६ आली असती (ही पेपांची कसोटी). येते १०३२४३०३. विषय संपला.

हे एक्सेलमध्ये करू नका. वर्ग वीस अंकांपर्यंत जातात, एक्सेल पंधरा अंकच नीट धरतं. सी मध्ये ३२ बिटांत फ साठवली तर तिचाच १ होतो. ६४ बिटांचा अनसाइन्ड (ऋण संख्या न धरणारा) प्रकार लागेल.

सहमूळ:
ऑयलरने आधी चाळणी लावली. मूळ संख्या p ने फ ला भाग जात असेल, तर p ने भागताना २ चा ज्याची बाकी १ येते असा सर्वांत लहान घात ६४ वा. आणि p मूळ असल्याने २ च्या (p−१) व्या घाताची बाकीही १, म्हणून p−१ ला ६४ ने भाग जायलाच हवा, म्हणजे p = ६४क + १ (क ही पूर्ण संख्या). अशा मूळ संख्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच भागाकाराला काम फत्ते!

भागाकाराशिवायची सिद्धता तर फारच देखणी आहे. ६४१ = ५×२^७ + १, म्हणून ५×२^७ ची बाकी −१; चौथा घात घेतला की ५^४×२^२८ ची बाकी १. शिवाय ६४१ = ५^४ + २^४, म्हणून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा. −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो.

विषमसंख्या:
सुरेख! दुसरा अवयव ६७००४१७. तो मूळच आहे हे कशावरून?

सहमूळ:
ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने चाळणी आणखी बारीक केली: p = १२८क + १. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या आसपास. तिथपर्यंत या साच्यातल्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ स्वतःच फर्मा संख्या आहे आणि कुठल्याही दोन फर्मा संख्या सहमूळ असतात (१ सोडून सामाईक विभाजक नसतो), म्हणून ती बाद. उरलेल्या चारांच्या बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणजे मूळ.

पुढच्या २^६४ + १ ला हीच चाळणी २५६क + १ होते. तिथे मात्र पहिला अवयव २७४१७७, म्हणजे क = १०७१ पर्यंत जावं लागतं.