मदत हवी आहे : लॅपटॉप सुरू होताना अक्षरे मुंगीएवढी दिसतात

सातबारा :
नवा लॅपटॉप घेऊन आठ दिवस झाले, आणि रोज सकाळी तो सुरू करताना मला पडद्याला नाक टेकवावे लागते. सुरुवातीला येणारी अक्षरे इतकी बारीक असतात, की पासवर्ड कोणत्या ओळीत मागितला आहे हे शोधण्यातच वेळ जातो. एकदा आत शिरले की सर्व काही व्यवस्थित दिसते. दोन संध्याकाळी शोधण्यात गेल्या आहेत, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

निवांत :
डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन स्केल २०० टक्के करावे. वडिलांच्या संगणकावर मी हेच केले आणि त्यांची तक्रार कायमची मिटली.

सातबारा :
आत शिरल्यावर सर्व व्यवस्थित दिसते, असे मी वर लिहिले आहे.

घड्याळजी :
प्रणाली कोणती, पडदा केवढा आणि अक्षरे नेमकी कोणत्या टप्प्यावर बारीक होतात, हे सांगितल्याशिवाय सगळेच अंदाजपंचे होईल.

सातबारा :
प्रणाली आर्च लिनक्स आहे. पडदा १५.६ इंची, ३८४०×२१६० पिक्सेलचा आहे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली (कुलूपबंद) असल्यामुळे तिचा पासवर्ड अगदी सुरुवातीलाच द्यावा लागतो.

जुनाखोड :
मग सोपे आहे. ग्रबच्या, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये जीएफएक्समोड (पडद्याचे रिझोल्यूशन) १०२४×७६८ करा आणि ग्रबची फाइल पुन्हा तयार करा.

घड्याळजी :
ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत झाली. त्याने ग्रबचा मेनू मोठा होईल, परंतु पुढे ग्राफिक्सचा ड्रायव्हर पडद्याचे मूळ रिझोल्यूशन पुन्हा लावतो. ८×१६ पिक्सेलचा फॉन्ट असेल तर या पडद्यावर एका ओळीत ४८० अक्षरे आणि एकूण १३५ ओळी मावतात, म्हणजे ओळीची उंची जेमतेम १.४ मिलिमीटर भरते.

जुनाखोड :
तसे असेल तर कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, ‘व्हिडिओ’ या पर्यायातून १९२०×१०८० द्या. मी तेच वापरतो आणि माझे काही अडलेले नाही.

घड्याळजी :
अक्षरे दुप्पट होतील, पण पुसटही होतील, आणि मूळ कारण तसेच राहील. मला खटकते ते वेगळेच आहे. आर्चच्या कर्नलमध्ये टर्मिनस नावाचा १६×३२ पिक्सेलचा मोठा फॉन्ट अंगभूत असतो आणि इतके पिक्सेल असलेल्या पडद्यावर कर्नल तो आपणहून निवडतो. सातबारा, सुरुवातीचा क्षणभर अक्षरे मोठी दिसतात का?

सातबारा :
हो, दिसतात. अर्धा सेकंद मोठी असतात, मग पडदा एकदा लुकलुकतो आणि ती बारीक होतात. हे सगळ्यांकडेच होत असेल असे समजून लिहिले नव्हते.

घड्याळजी :
नेमके तेच लिहायला हवे होते. ‘एटसी’ या फोल्डरमधल्या ‘व्हीकन्सोल.कॉन्फ’ या फाइलमध्ये फॉन्टची ओळ आहे का, ते पाहा.

सातबारा :
‘लॅट२-१६’ असे लिहिलेले आहे. जुन्या लॅपटॉपवरून सेटिंगच्या फाइली जशाच्या तशा आणल्या होत्या, त्यांतूनच ती ओळ आली असावी. ती काढून टाकली. आता लॉगिनची ओळ मोठी दिसते, पण डिस्कचा पासवर्ड अजूनही बारीकच अक्षरांत मागितला जातो!

घड्याळजी :
त्या वेळी डिस्क उघडलेलीच नसते, त्यामुळे इनिट्रॅमएफएसच्या प्रतिमेत, म्हणजे सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्यात, बांधलेली जुनी बारीक फॉन्टची सेटिंगच लागू होते. ‘एमकेइनिटसीपीआयओ’ ही आज्ञा वजाचिन्ह आणि मोठा पी जोडून चालवा, म्हणजे सर्व प्रतिमा नव्याने तयार होतील. जाडसर अक्षरे हवी असल्यास टर्मिनसचे पॅकेज घेऊन फॉन्टची ओळ पुन्हा घालून तिच्यात ‘टेर-१३२बी’ लिहा, आणि मगच प्रतिमा बांधा.

सातबारा :
झाले. हात लांब ठेवूनही वाचता येते आहे. मनापासून आभार.

निवांत :
तरीही चष्म्याचा नंबर एकदा तपासून घ्यावा.