मुलाखतीत अपेक्षित पगार विचारला, तर आकडा सांगावा की टाळावा?

कारेलीबागकर

नमस्कार. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले असून बडोद्याजवळच्या एका औषध कंपनीत साडेचार वर्षे क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) विभागात आहे. एचपीएलसी या रासायनिक विश्लेषणाच्या यंत्रावरील चाचण्या आणि ऑडिटच्या वेळची कागदपत्रे ही दोन्ही कामे माझ्याकडे असतात. सध्याचा सीटीसी, म्हणजे कंपनीला माझ्यावर येणारा वर्षाचा एकूण खर्च, ४ लाख २० हजार रुपये आहे. हालोलच्या एका कंपनीच्या एचआरने फोनवर आधी सध्याचा पगार, मग नोटीस पिरियड आणि त्याच दमात ‘तमारी अपेक्षा केटली?’ असे विचारले. त्यावर प्रत्यक्ष भेटीत बोलू, असे मी सांगितले. आता पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. इंटरनेटवर जिकडे तिकडे हाच सल्ला दिसतो की आपण होऊन आकडा सांगू नये आणि सध्याचा पगार तर मुळीच उघड करू नये. बाबा म्हणतात, तीस टक्के वाढवून माग आणि गप्प बस. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मकरपुरावाला

मी बरीच वर्षे कार्मिक विभागात, म्हणजे मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सध्याचा पगार लपवण्याचा सल्ला मुळात अमेरिकेतला आहे. तेथे कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत उमेदवाराला आधीचा पगार विचारण्यासच कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तो तेथे शोभतो. आपल्याकडे अशी बंदी नाही. ऑफर देण्यापूर्वी बहुतेक कंपन्या शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि बँकेचे स्टेटमेंट मागतात, तेव्हा आज फुगवून सांगितलेला आकडा महिन्याभरात उघडा पडतो आणि मग प्रश्न पगाराचा न राहता सचोटीचा होतो. म्हणून सध्याचा सीटीसी विचारला तर सरळ खरा सांगावा. मात्र त्याच वाक्यात अपेक्षित आकडा जोडू नये. ते दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एचआर ते एका दमात विचारते ते उत्तरेही एकमेकांना बांधली जावीत म्हणूनच.

अपेक्षा विचारली की आधी कामाचे स्वरूप विचारून घ्यावे: पद कोणते, शिफ्ट आहे का, ऑडिटची जबाबदारी कोणावर. त्यानंतर मात्र आकडा द्यावा. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या कंपन्यांत टोलवाटोलवी चातुर्याची खूण मानली जात नाही, आणि ‘कंपनीच्या धोरणाप्रमाणे द्या’ असे म्हटले की कंपनी खरोखरच धोरणाप्रमाणे, म्हणजे कमीत कमी देते.

एक अवांतर. बडोद्याच्या अनेक मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आधी संस्थानच्या आणि मग रेल्वेच्या किंवा विद्यापीठाच्या नोकरीत गेल्या. तेथे वेतनश्रेणी छापलेली असे, त्यामुळे पगार हा मागायचा असतो, हे आपल्या अंगवळणी पडलेलेच नाही.

आकडेमोड

वरील उत्तराशी सहमत आहे, पण आकडा कशाचा द्यायचा, हे आधी ठरवायला हवे. समजा सहा लाखांचा सीटीसी मिळाला आणि त्यात मूळ पगार निम्मा, म्हणजे महिना २५,००० आहे. कंपनीचा पीएफचा हिस्सा १२ टक्क्यांनी वर्षाला ३६,०००, ग्रॅच्युइटीची (दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद ४.८१ टक्क्यांनी सुमारे १४,४०० आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग दहा टक्के, म्हणजे ६०,०००. हे सारे सीटीसीतच मोजलेले असते. उरलेल्या रकमेतून तुमचा स्वतःचा पीएफ ३,००० आणि गुजरातचा व्यवसाय कर २०० रुपये वजा केला की दरमहा हातात साधारण ३७,६०० पडतात, ५०,००० नव्हे. पीएफ पूर्ण मूळ पगाराऐवजी १५,००० च्या मर्यादेवरच कापला जात असेल, तर दोन्ही बाजूंचा हिस्सा १,८०० होतो आणि हातात जवळजवळ ४०,००० येतात. या पातळीवर नव्या करप्रणालीत प्राप्तिकर लागत नाही, ती चिंता सोडा.

तेव्हा मुलाखतीत ‘फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती’ हे विचारल्याखेरीज होकार देऊ नये.

मांजलपूरकर

मला मात्र ‘आधीच्या पगारावर इतके टक्के’ हा हिशेबच मान्य नाही. पहिली नोकरी कमी पगाराची मिळाली, तर तो कमीपणा प्रत्येक नोकरीत टक्केवारीने पुढे नेण्याचे कारण काय? तशाच कामाला सावली, हालोल, पादरा या पट्ट्यात काय मिळते, हे एम. एस. विद्यापीठातल्या आपल्या बॅचच्या चार जणांना विचारावे आणि त्यावरून आकडा ठरवावा. चार लाख वीस हजारांवर तीस टक्के म्हणजे ५ लाख ४६ हजार होतात; त्या कामाचा चालू दर सहा लाख असेल, तर बाबांचे ऐकून ताईंचे नुकसानच होईल.

कारेलीबागकर

सर्वांचे आभार. दोन मैत्रिणींना विचारले. तशाच कामाला त्यांना साडेपाच ते सहा लाखांच्या दरम्यान मिळते. कारेलीबागहून हालोल जवळजवळ चाळीस किलोमीटर आहे, तर बसचा विषय पगाराबरोबर काढावा का?

मकरपुरावाला

जरूर काढावा. कंपनीची बस कारेलीबागेत येत नसेल, तर रोजच्या येण्याजाण्याचा खर्च आकड्यात धरा. शिवाय, तुमची साडेचार वर्षे झाली आहेत, ही बाब कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. ग्रॅच्युइटीचा हक्क साधारणपणे पाच वर्षे पूर्ण झाल्यावर मिळतो. मूळ पगार १७,५०० धरला, तर पंधरा भागिले सव्वीस (महिना सव्वीस दिवसांचा धरून दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार) या हिशेबाने पाच वर्षांचे सुमारे ५०,५०० रुपये होतात, आणि आत्ता सोडल्यास ते बहुधा बुडतात. हे मुलाखतीत नव्हे, तर तोंडी ऑफर आल्यावर सांगावे आणि रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून मागावी किंवा तेवढा जॉइनिंग बोनस मागावा.

मुलाखतीत एवढेच म्हणा: ‘कामाची व्याप्ती आपण सांगितली ती पाहता, फिक्स्ड भाग साडेपाच लाखांच्या पुढे असावा, अशी माझी अपेक्षा आहे.’ त्यानंतर थांबा. समोरचा गप्प राहिला, तरी आपण होऊन आकडा खाली आणू नका. तेवढ्यापुरते बाबांचे म्हणणे अगदी बरोबर आहे.