ओडन की ड्युरंट? २००७ साली पोर्टलँडचं नेमकं काय चुकलं

कोपरा_थ्री

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट (संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात तो दिवस) जवळ आला की कॉलेजातल्या दोन-तीन पोरांची तुलना सुरू होते, आणि कुणीतरी २००७ चा विषय काढतंच. पोर्टलँडने पहिल्या क्रमांकावर ग्रेग ओडन घेतला आणि दुसऱ्या क्रमांकावर सिअॅटलला केव्हिन ड्युरंट मिळाला. त्यावर ठरलेलं उत्तर असतं, 'निवड बरोबर होती, गुडघ्यापुढे कुणाचं काय चालणार?' म्हणजे ओडनची कारकीर्द पुढे गुडघ्यांच्या दुखण्यात गेली, त्याबद्दल. मला हे अजिबात पटत नाही. गुडघा बाजूला ठेवू. २८ जून २००७ ला जे सगळ्यांसमोर होतं तेवढ्यावरच बोलू. माझ्या मते तेवढ्यावरूनही ड्युरंटच पहिला निघतो.

ड्युरंट टेक्सासकडून एकच हंगाम खेळला. सामन्याला सरासरी २५.८ गुण, ११.१ रिबाउंड (हुकलेल्या फेकीचा चेंडू पकडणं). तीन गुणांच्या फेकींत ४० टक्के, फ्री थ्रोमध्ये (फाऊलनंतर मिळणारी मोकळी फेक) ८० च्या वर. नेस्मिथ, वुडन आणि एपी हे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचे मान पहिल्या वर्षाच्या पोराने त्याआधी कधीच पटकावले नव्हते. टेक्सास टेकच्या मैदानात जाऊन त्याने ३७ गुण आणि २३ रिबाउंड काढले होते. ओहायो स्टेटच्या ओडनचे १५.७ गुण, ९.६ रिबाउंड, ३.३ ब्लॉक (समोरच्याची फेक हाताने अडवणं). उत्तमच, पण दोघांत अंतर आहे. शिवाय ओडन जानेवारी १९८८ चा आणि ड्युरंट सप्टेंबर १९८८ चा. धाकटा पोरगा जास्त करून दाखवत होता, आणि अठराव्या वर्षी आठ महिने ही छोटी गोष्ट नसते.

ड्युरंटच्या विरोधात काय होतं? ड्राफ्टआधीच्या चाचणीत १८५ पौंडांचा, म्हणजे साधारण ८४ किलोंचा बार त्याला एकदाही उचलता आला नाही. त्याचीच चर्चा झाली. दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत त्याचं माप सात फूट चार इंचांच्या वर भरलं, त्याची चर्चा तेवढी झाली नाही. पोर्टलँडने दोन खेळाडूंची तुलना केलीच नाही. त्यांनी खेळण्याच्या दोन जागांची केली, सेंटर (रिंगखाली उभा राहणारा उंच खेळाडू) विरुद्ध फॉरवर्ड, आणि सेंटर जिंकला.

सातफुटी

कडाडून विरोध.

त्या वेळचा काळ लक्षात घ्या. १९९९ ते २००७ या नऊ हंगामांपैकी आठ विजेतेपदं कुणाची? रिंगखाली खेळणाऱ्या उंच खेळाडूंची. चार टिम डंकनच्या सॅन अँटोनिओची (१९९९, २००३, २००५, २००७) आणि चार शॅकच्या (शकील ओ'नील) संघांची (लेकर्सकडून तीन, २००६ ला मायामीकडून एक). उरलेलं २००४ चं डेट्रॉइटचं, आणि तिथेही मध्ये बेन वॉलेस उभा होता. ड्राफ्टच्या दोनच आठवडे आधी डंकनच्या संघाने लेब्रॉनच्या क्लीव्हलंडला ४-० ने धुतलं होतं. अशा वेळी सात फुटांचा, बचावात भिंतीसारखा, चेंडू सोडायला घाई न करणारा सेंटर समोर असताना त्याला सोडायचं? त्या महिन्यात कुठलाच शहाणा मॅनेजर असं करणार नव्हता.

आणि आकडे सांगताना मनगट कसं विसरलात? ओडनच्या उजव्या मनगटावर २००६ च्या उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली होती. तो हंगामात डिसेंबरमध्ये उतरला आणि बराच काळ डाव्या हाताने फ्री थ्रो टाकत होता. म्हणजे १५.७ गुण हे अर्ध्या हाताचे आहेत. मनगट सुधारल्यावर काय झालं ते एप्रिलमध्ये कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दिसलं. फ्लोरिडाकडे अल हॉरफर्ड आणि जोकिम नोआ हे दोघे उंच खेळाडू होते. त्यांच्यासमोर एकट्याने २५ गुण, १२ रिबाउंड, ४ ब्लॉक. ओहायो स्टेट ८४-७५ ने हरलं, पण त्या रात्री मैदानावरचा सगळ्यात मोठा खेळाडू हरलेल्या संघात होता. ड्युरंटचं टेक्सास तोवर कधीच घरी गेलं होतं, दुसऱ्याच फेरीत यूएससीकडून हरून.

कोपरा_थ्री

अंतिम सामना मान्य. पण त्याच स्पर्धेत झेव्हिअरविरुद्ध ओडन पाच फाऊल (नियमभंग) होऊन, म्हणजे मर्यादा संपून, बाहेर बसला आणि सहकाऱ्यांनी शेवटच्या क्षणी सामना वाचवला, तोही मोजा. फाऊलची सवय ही कॉलेजातच दिसलेली गोष्ट आहे, पुढे कळलेली नाही.

आणि काळाचंच बोलायचं तर तो बदलत असल्याच्या खुणाही समोरच होत्या. २००४-०५ पासून चेंडू घेऊन येणाऱ्याला हात लावून अडवण्यावर पंचांनी कडक धोरण घेतलं. लगोलग चेंडू घेऊन येणारा स्टीव्ह नॅश दोनदा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू). आणि २००७ चा एमव्हीपी कोण? डर्क नोवित्स्की. सात फुटांचा माणूस लांबून फेकतो, तर त्याच्यापुढे उभा राहणारा उंचीला कमी पडतो किंवा वेगाला. ड्युरंट नेमका त्याच वाटेवरचा होता.

सातफुटी

आणि त्या एमव्हीपीचा डॅलस संघ ६७ सामने जिंकून पहिल्याच फेरीत आठव्या मानांकित गोल्डन स्टेटकडून हरला. मे २००७. पोर्टलँडचे मॅनेजर केव्हिन प्रिचर्ड आणि त्यांच्या माणसांनी हेही पाहिलंच असणार.

हिल्सबरोकर

मी पोर्टलँडजवळ राहतो, नोकरीसाठी आलो आणि इथलाच होऊन गेलो. म्हणून थोडं जास्त लिहितो.

निवड हवेत झाली नव्हती, संघात आधी कोण आहे हे बघून झाली होती. २००६ च्या ड्राफ्टच्या रात्री अदलाबदल करून पोर्टलँडने लमार्कस ऑल्ड्रिज आणि ब्रँडन रॉय आणले. रॉय त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. गार्ड (चेंडू खेळवणारा) रॉय आहे, जंप शॉट (उडी मारून लांबून फेक) असलेला फॉरवर्ड ऑल्ड्रिज आहे, कमी आहे ती रिंगखाली उभं राहणाऱ्याची. ओडनला घेतलं त्याच रात्री रिंगजवळ खेळणाऱ्या झॅक रँडॉल्फला न्यूयॉर्कला पाठवलं, म्हणजे जागा मोकळी करूनच घेतलं. निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता अवघी ५.३ टक्के होती. ती लागली तेव्हा या शहराला वाटलं की १९७७ नंतरचं दुसरं विजेतेपद आता येणार.

एक विनंती. ओडनला 'फुसका निघाला' असं कुणी म्हणू नका. सप्टेंबर २००७ मध्ये उजव्या गुडघ्यावर मायक्रोफ्रॅक्चरची (कूर्चा भरून यावी म्हणून हाडाला बारीक छिद्रं पाडण्याची) शस्त्रक्रिया, पहिला हंगाम पूर्ण गेला. डिसेंबर २००९ मध्ये डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. पुढेही शस्त्रक्रिया होतच राहिल्या. सगळी कारकीर्द मिळून १०५ सामने. त्याने नंतर ओहायो स्टेटमध्ये परत जाऊन पदवी पूर्ण केली, आपल्याच जुन्या प्रशिक्षकांच्या हाताखाली बटलर विद्यापीठात कामाला लागला. शरीराने दगा दिलेल्या माणसाला नावं ठेवणं मला सहन होत नाही.

कोपरा_थ्री

हिल्सबरोकर, त्याला नावं ठेवायचा प्रश्नच नाही, माझा वाद निवडणाऱ्यांशी आहे. आणि तुम्ही जे सांगितलंत तेच मला सगळ्यात जास्त खटकतं. 'आपल्याकडे कमी काय आहे' हा प्रश्न विसाव्या क्रमांकाला ठीक आहे. पहिल्या क्रमांकाला तो विचारायचाच नसतो. १९८४ ला याच संघाने तो विचारला होता. क्लाइड ड्रेक्सलर आहे, मग आणखी एक गार्ड कशाला, असं म्हणून दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी हा सेंटर घेतला आणि तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मायकेल जॉर्डन मिळाला. तेवीस वर्षांनी पुन्हा तेच गणित.

रात्रपाळी

१९८४ आणि २००७ यांना एकाच दावणीला बांधू नका. केंटकीत असताना पायाच्या हाडाला झालेल्या फ्रॅक्चरमुळे बोवीचे दोन पूर्ण हंगाम वाया गेले होते. ते माहीत असून घेतला. ओडनचं गुडघ्याचं दुखणं ड्राफ्टनंतर समोर आलं. पहिल्या प्रकरणाला मी निष्काळजीपणा म्हणेन, दुसऱ्याला म्हणणार नाही.

तरी एक शंका उरतेच. १९७४ चा पहिला क्रमांक बिल वॉल्टन, पोर्टलँडचाच. १९७७ चं विजेतेपद त्यानेच मिळवून दिलं आणि मग पायांनी त्याला संपवत आणलं. इतक्या उंच, इतक्या वजनाच्या शरीराचा धोका या शहराइतका कुणी भोगलेला नाही. तो धोका तुलनेत धरला गेला होता का?

मधली_फळी

कोपरा_थ्री, तुमच्या मुख्य युक्तिवादाला कुणी हात घातलेला दिसत नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही म्हणता, आकडे जास्त आणि वय कमी, म्हणून ड्युरंट. आता हीच फूटपट्टी पुढच्याच वर्षी लावा. २००८. कॅन्सस स्टेटचा मायकेल बीझली, पहिलंच वर्ष, २६.२ गुण आणि १२.४ रिबाउंड. म्हणजे ड्युरंटपेक्षाही जास्त. मेम्फिसचा डेरिक रोझ, १४.९ गुण. बीझली जानेवारी १९८९ चा, रोझ ऑक्टोबर १९८८ चा. तुमच्या हिशेबाने बीझली डोळे मिटून पहिला. शिकागोने रोझ घेतला, आणि २०११ ला रोझ एनबीएच्या इतिहासातला सर्वांत तरुण एमव्हीपी झाला. बीझली संघ बदलत राहिला.

म्हणजे २००७ ला आकडे खरे बोलले आणि २००८ ला बोलले नाहीत. ड्राफ्टच्या रात्री या दोन्हींतला फरक कसा ओळखायचा ते सांगा, तर तुमचं म्हणणं टिकेल.

२०२५ चंही बघा. पहिल्या क्रमांकाच्या कूपर फ्लॅगबद्दल वाद नव्हता. पण डिलन हार्पर आणि एस बेली हे दोघे एकाच रटगर्स संघात होते, आणि तो संघ १५ सामने जिंकून १७ हरला, एनसीएए या कॉलेज संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही पोहोचला नाही. तरी हार्पर दुसरा आणि बेली पाचवा निवडला गेला. म्हणजे सातफुटींचा 'कुणाचा संघ किती पुढे गेला' हा निकषही आता कुणी धरत नाही.

कोपरा_थ्री

हा धाग्यातला सगळ्यात वजनदार प्रतिसाद आहे, उत्तर देतो.

बीझलीचे गुण बरेचसे ताकदीतून यायचे. कॉलेजात त्याच्या अंगावर येणारे त्याच्यापेक्षा लहान होते, एनबीएत तसे राहिले नाहीत. ड्युरंट अंगाने काडी असतानाच हे सगळं करत होता. त्याचा शॉट निघायचा तो समोरच्याच्या हाताच्या वरून, आणि हाताची लांबी एनबीएत गेल्यावर कमी होत नाही. म्हणून मी त्या बारच्या चाचणीवर एवढा अडून बसलोय. ताकद नसल्याचा पुरावा म्हणून ती दाखवली गेली. खरं तर ताकदीशिवाय हा मुलगा २५.८ गुण काढतो, याचा तो पुरावा होता.

आणि शिकागोने २००८ ला तेच केलं जे पोर्टलँडने करायला हवं होतं. जागा बघितली नाही, आकडे बघितले नाहीत, पुढच्या पातळीवर कुणाला अडवणं कठीण जाईल ते बघितलं. रोझचा वेग कोण अडवणार होतं?

मधली_फळी

हे पहिल्या प्रतिसादापेक्षा पुष्कळ चांगलं उत्तर आहे. पण मग 'आकडे आणि वय' हा मुद्दा मागे घ्या. तो या युक्तिवादाला नुसता ओझं आहे.

सातफुटी

'पुढच्या पातळीवर कुणाला अडवणं कठीण' हाच निकष असेल, तर ओडन घ्या की! २००९-१० मध्ये, इतक्या शस्त्रक्रिया सोसून तो २१ सामने खेळला. सामन्याला सरासरी २४ मिनिटं, आणि तेवढ्यात ११.१ गुण, ८.५ रिबाउंड, २.३ ब्लॉक. त्याच वेगाने ३६ मिनिटं धरा, म्हणजे जवळजवळ १७ गुण, १३ रिबाउंड, साडेतीन ब्लॉक, तेही वयाच्या एकविसाव्या वर्षी. त्या संघात रॉय, ऑल्ड्रिज आणि हा. २८ जून २००७ ची खुर्ची मला दिली तर मी आजही ओडनचंच नाव लिहीन.

कोपरा_थ्री

ती ३६ मिनिटं त्याला खेळता आली असती का? चोवीस मिनिटांत सरासरी चार फाऊल पडत होते. झेव्हिअरचा सामना पुन्हा बघा.