स्पितीत जानेवारीत आइस क्लायम्बिंग: जुने प्लास्टिक बूट चालतील का?

गडकोट_भटक्या

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात स्पितीतल्या काझा गावाजवळ सहा दिवसांचं आइस क्लायम्बिंग ठरलंय. मुक्काम होमस्टेत, रोज गोठलेल्या धबधब्यापर्यंत तास-दीड तास चाल, संध्याकाळी परत. पुढच्या हिवाळ्यात मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक (५,२८९ मीटर) डोक्यात आहे, तिथे मात्र तंबू. बेसिक कोर्स झालाय, क्रॅम्पॉनची (बुटाखाली लावायच्या पोलादी दातांची) सवय आहे.

तीन पर्याय दिसतायत. मनालीत भाड्याने मिळणारे जुने कोफ्लाख कंपनीचे प्लास्टिक बूट (बाहेर ताठ शेल, आत सुटं लायनर); पुण्यात एकाकडे खोक्यातले, एकदाही न वापरलेले प्लास्टिक बूट स्वस्तात मिळतायत ते; किंवा खिसा रिकामा करून नवे डबल बूट (तेही शेल आणि लायनर असे दुहेरी). चवडा रुंद आहे, रोजच्या बुटाचा नंबर यूके ८. एक नंबर मोठा घेऊन आत दोन जाड मोजे घालायचे, असं जो तो सांगतो. ते बरोबर आहे का?

हिमरेषा

दोन जाड मोज्यांचं आधी डोक्यातून काढा. पाय गरम राहतो तो बोटांपर्यंत रक्त पोचल्यामुळे. मोजा फक्त ती ऊब धरून ठेवतो. बुटात जागा नसताना दुसरा मोजा कोंबला की चवडा आवळला जातो, रक्त अडतं, आणि एका मोज्यात जे झालं नसतं ते दोन मोज्यांत होतं. शिवाय दाबलेल्या लोकरीत हवा उरत नाही, म्हणजे तिचा उपयोगही गेला. एक पातळ आतला मोजा आणि त्यावर एक मध्यम किंवा जाड लोकरी मोजा, बस. तेच मोजे घालून बूट निवडायचे, दुकानातल्या नायलॉनच्या मोज्यांवर नाही. आणि संध्याकाळी निवडायचे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो.

नंबर छापील आकड्यावर ठरवू नका, शेलवर ठरवा. लायनर बाहेर काढा, पातळ मोजा घालून नुसत्या शेलमध्ये पाय सरकवा, बोटं पुढच्या भिंतीला हलकी टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. हाताचं एक ते दीड बोट, म्हणजे साधारण १५ ते २० मिलिमीटर, ठीक. दोन बोटं सहज जात असतील तर शेल मोठा आहे. चढताना टाच उचलली जाणार. बऱ्याच कंपन्या पूर्ण आणि अर्ध्या नंबराला एकच शेल देतात आणि फरक लायनरमध्ये करतात, म्हणून साडेआठ आणि नऊ यांत घोळ घालण्याआधी शेल तोच आहे का, हे विचारा.

मग लायनर घालून, नाड्या बांधून, पायरीच्या कडेवर फक्त चवड्याचा पुढचा भाग ठेवून उभे राहा. टाच आत वर-खाली होता कामा नये. पायरीच्या उभ्या भागावर पाच-सहा लाथा मारा. बोटं पुढे आपटली तर तो बूट तुमचा नाही. बर्फावर दिवसाला शेकडो लाथा बसतात, नखं काळी होतात. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत आणि अर्धा तास घालून बसल्यावर कुठे मुंग्या यायला नकोत.

रुंद चवड्याला स्कार्पा आणि कोफ्लाख या कंपन्यांचे बूट सहसा मानवतात. ला स्पोर्टिवाचा साचा अरुंद, तिथे घालून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

पेबॅक्सप्रेमी

वरचं सगळं मान्य. पण त्या खोक्यातल्या बुटांबद्दल कुणीतरी ओरडून सांगायला हवं: घेऊ नका.

ते बहुधा कोफ्लाखचेच असतील, आणि कोफ्लाखचे शेल पॉलियुरेथेनचे. या प्लास्टिकमध्ये हवेतला ओलावा हळूहळू शिरतो आणि त्याच्या साखळ्या तोडतो. बूट वापरला काय, न वापरला काय, वय चालूच राहतं. पावसाळ्यात चार महिने दमट राहणाऱ्या आपल्याकडच्या माळ्यावर तर जास्तच वेगाने. दिसायला कोरा करकरीत, आणि उणे २० अंशांत तिसऱ्या-चौथ्या लाथेला शेलचा तुकडा हातात. कोफ्लाखचे नवे बूट आता बाजारात येत नाहीत, तेव्हा जे मिळतात ते सगळे वयस्करच समजा. स्कार्पा इन्व्हर्नोसारख्यांचा शेल पेबॅक्स या वेगळ्या प्लास्टिकचा असतो. त्याला हा रोग सहजी लागत नाही आणि थंडीत तो कमी ठिसूळ होतो, पण वर्षानुवर्षं उन्हात ठेवला तर तोही बिघडतो, आणि सोलचा गोंद सुटतो तो वेगळाच.

भाड्याचा जोड घेताना हे तपासा. घोट्याजवळची बिजागरी आणि तिथले रिव्हेट: चिरा बहुधा इथूनच सुरू होतात. पुढचा आणि टाचेमागचा वेल्ट, म्हणजे क्रॅम्पॉन जिथे अडकतो ती खाच, झिजून गोल झाली असेल तर बूट बाजूला ठेवा. शेलच्या वरच्या कडा हाताने बाहेर वाकवा. पांढऱ्या रेषा उमटल्या किंवा बारीक कटकट ऐकू आली तर नको. अंगठ्याने पुसल्यावर पृष्ठभाग चिकट लागला किंवा खडूसारखी भुकटी आली, तर विषय संपला. सोल आणि शेल यांच्या सांध्यात नख जातंय का, तेही बघा.

लायनरच्या आत हात घालून टाच आणि अंगठ्याखालचा भाग दाबा. फोम तिथे कागदासारखा झाला असेल तर शेल कितीही धडधाकट असो, पाय गारठणार. हे दुकानदार कधीच सांगत नाही. बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं.

नीळबर्फ

मूळ प्रश्नात दोन वेगळी कामं एकत्र झालीत. फ्रेंडशिपला तंबूत रात्र आहे, म्हणून डबल बूट हवाच, कारण सुटं लायनर काढून सुकवता येतं. स्पितीत रोज घरी परतायचं आहे, त्यामुळे चामड्याचा चांगला इन्सुलेटेड बूट, ला स्पोर्टिवाच्या नेपाल क्यूब जातीचा, रात्री वाळू शकेल. पण धबधब्याखाली पाय गारठतो तो चढताना नाही, बिले देताना, म्हणजे खाली उभं राहून चढणाऱ्याचा दोर सांभाळताना. पाऊण तास एका जागी उभं, पायाखाली पोलादी क्रॅम्पॉन आणि त्याखाली बर्फ. उणे १५-२० मध्ये तिथे सिंगल बूट कमी पडतो.

प्लास्टिक उबदार असतं आणि फ्रंट पॉइंटिंगला (क्रॅम्पॉनच्या पुढच्या दातांवर चढण्याला) घट्ट आधार देतं, पोटरीला त्याने आरामच मिळतो. अडचण येते ती पाय आडवा टाकून सगळे दात बर्फात टेकवताना: घोटा कडेला वळत नाही. चालताना वरच्या नाड्या सैल सोडा, चढायला लागण्याआधी आवळा. जोडी साधारण अडीच किलोची, पायाची जाणीवही बोथट. उभ्या बर्फात टाच खाली ठेवायची असते. ताठ प्लास्टिकमध्ये ती नकळत वर जाते आणि मग पुढचे दात सुटतात. स्कार्पाच्या फँटम ६००० किंवा ला स्पोर्टिवाच्या जी२ जातीचे आजचे डबल बूट याच उबेत जोडीमागे सुमारे अर्धा किलो हलके आणि घोट्याला मोकळे. दोन्ही कामांसाठी एकच जोड विकत घ्यायचा असेल तर माझं मत तिकडे. ८,००० मीटरच्या शिखरांसाठीचे, गेटर (पोटरीवरचं आवरण) शिवलेले अवजड बूट मात्र नकोत, त्यांत उभा बर्फ चढणं म्हणजे उशी बांधून चढणं.

क्रॅम्पॉन बरोबर घेऊनच बूट ठरवा. प्लास्टिकच्या बुटाचं नाक रुंद असतं, क्रॅम्पॉनच्या काही अरुंद टो-बेल (पुढच्या तारेच्या कड्या) त्यावर नीट बसत नाहीत. टाचेमागे अडकणारा लिव्हर न लावता बूट उलटा धरून हलवा: क्रॅम्पॉन तसाच चिकटून राहिला पाहिजे. मग लिव्हर लावा. तो अंगठ्याच्या जोराने टक करून बसायला हवा. बोटाच्या स्पर्शाने बसत असेल तर सैल आहे, मागचा स्क्रू फिरवा.

गडकोट_भटक्या

पुण्यातले बूट रद्द. लायनर रात्री सुकवायचं कसं? आणि गरम होणाऱ्या पुड्या टाकल्या तर?

हिमरेषा

पुड्या हवेतल्या ऑक्सिजनवर चालतात. बंद प्लास्टिक शेलमध्ये त्या अर्धवट तापून थंड पडतात आणि जागा खातात. हातमोज्यांत ठेवा.

लायनर होमस्टेच्या तंदूरपासून (खोली तापवणाऱ्या शेगडीपासून) हातभर लांब, तोंड उघडं ठेवून टांगा. साच्यात बसवलेला फोम असेल तर चिकटून ठेवल्यावर आकार बिघडतो. तंबूत लायनर स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. शेल बाहेरच्या पडवीत नको, आत आणा, आणि झोपण्याआधी नाड्या शेवटच्या हुकापर्यंत मोकळ्या करून ठेवा. सकाळी शेल लाकडासारखा ताठ होतो. नाड्या आवळलेल्या असतील तर पाय आत जातच नाही.

घामाचं गणित एका दिवसात जाणवत नाही, चौथ्या दिवशी जाणवतं. पातळ मोज्यावर साधी प्लास्टिकची पातळ पिशवी आणि तिच्यावर जाड मोजा, असं केलं तर घाम लायनरमध्ये शिरत नाही. पाय ओलसर लागतो, पण गार पडत नाही. रोज रात्री मात्र पाय पुसून कोरडे मोजे घाला. बिले देताना पाठीच्या सॅकमधला कॅरिमॅटचा तुकडा पायाखाली टाका. जागा सपाट आणि निर्धोक असेल तर आधी क्रॅम्पॉन काढा.

बोटं दुखतायत तोवर ठीक. दुखणं थांबून सुन्न झाली की लगेच खाली उतरा. चोळू नका, बर्फ तर अजिबात लावू नका.

पेबॅक्सप्रेमी

एक राहिलंच. जानेवारीत मनालीकडून स्पितीत येणारा कुंझुम घाट बंद असतो, काझाला शिमला–किन्नौर–ताबो मार्गानेच जावं लागतं. मनाली तुमच्या वाटेवर येतच नाही. तिथून भाड्याने घ्यायचे तर आधी मनाली, मग उलटं शिमला, असा फेरा पडेल आणि परतीतही तोच. क्लायम्बिंग ठरवणाऱ्यांना विचारा, बूट काझात देतात का, कुठल्या मेकचे, कुठल्या नंबरात. देत असतील तर सोलचा आणि घोट्याच्या बिजागरीचा फोटो मागवून घ्या.