मदत हवी आहे: जळगावात आज पहिलीच रात्र, बाहेर धो धो पाऊस, इथलं खरं जेवण कुठे आणि कसं मागायचं?

नमस्कार मंडळी, आज रात्रीपुरतंच विचारायचंय म्हणून लगेच लिहिते. बँकेत पोस्टिंग मिळालीय जळगावला, आई सोबत आलीय मला सोडायला, संध्याकाळी स्टेशनवर उतरलो तेव्हापासून पाऊस जो लागलाय तो थांबायचं नाव नाही. खोली अजून मिळायचीय म्हणून स्टेशनजवळच्या लॉजवर आहोत. खाली हॉटेल आहे पण तिथे पनीर, नूडल्स असलंच सगळं, आणि मला आज ते खायचं नाहीये. पुढची काही वर्षं या गावात काढायचीत तर पहिला घास इथलाच हवा असं मनापासून वाटतंय.

आम्ही रत्नागिरीकडचे, भात, नारळ आणि आमटीवर वाढलेले. खान्देशी म्हटलं की शेवभाजी आणि वांग्याचं भरीत एवढीच नावं माहीत. अडचण अशी की आईचा चातुर्मास असतो, कांदा-लसूण-वांगं तिला चार महिने चालत नाही, शिवाय तिखटाची तिला सवय नाही. मला स्वतःला तिखट चालतं पण इथलं तिखट किती असतं याचा अंदाज नाही. तर भरीत या दिवसात मिळेल का, शेवभाजी मागताना काय सांगायचं, आणि आईला काय खाऊ घालू? तिला उपाशी ठेवून मी एकटी जेवणार नाही. रिक्षाने जायची तयारी आहे, छत्री आहे, फक्त फार लांब नको.

प्रतिसाद

ताई, गावात स्वागत आहे. टेन्शन नका घेऊ, शेवभाजी इथं कुठंही भेटीन, पाऊस असो का नसो. स्टेशनपासून बाजारपेठेकडं निघालं की साध्या खानावळी लागतात, तिथंच जा, जिथं भाकरी समोर थापताना दिसते तिथं बसा. बसून खाणार असाल तर सांगा की शेव शेवटी टाका. पार्सल घेतलं तर रस्सा वेगळा आणि शेव वेगळी बांधून घ्या, नाहीतर लॉजवर पोचेपर्यंत शेवेचा नुसता लगदा होतो. शेव जाड आणि तिखटच लागते, बारीक नायलॉन शेव रस्स्यात चालत नाही. रस्सा भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि काळ्या मसाल्याचा असतो, वर तेलाची तर्री. तिखटाची सवय नसेल तर "तर्री कमी" म्हणा, कोणी वाईट वाटून घेत नाही. पोळीपेक्षा ज्वारीची भाकरी घ्या, रस्स्यात कुस्करून खा, सोबत कांदा, लिंबू आणि जमलं तर ताक. पण काकूंना यातलं काहीच चालायचं नाही, वाटणातच कांदा-लसूण असतो.

प्रतिसाद

भरिताचं आज विसरा ताई, आणि कुणी दिलं तरी त्यावरून मत बनवू नका ही विनंती. भरिताची वांगी हिरवी आणि चांगली मोठी असतात, आपल्या जिल्ह्यातल्या बामणोद गावाकडची खास, आणि त्यांची खरी चव थंडीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, केळीलाही त्याच वर्षी. इथंही बऱ्याच घरात चातुर्मासात वांगं बंदच असतं, चंपाषष्ठीला नैवेद्य झाला की मग सुरू. त्या दिवसांत शेतात भरीत पार्ट्या होतात, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी भांड्यात मुसळीने ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल, आणि सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी किंवा पुरी. बँकेतलं कोणी ना कोणी बोलावेलच तुम्हाला, तेव्हा नाही म्हणू नका. काकूंना पण तेव्हा परत बोलवा, त्यांचा चातुर्मास तोवर संपलेला असेल.

आज काकूंसाठी वरण-बट्टी बघा. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात थोडी मक्याची भर, ओवा आणि हळद घालून गोळे उकडायचे, मग कापून तळायचे. ताटात कुस्करून वर तुरीचं वरण आणि साजूक तूप. सोबत वांग्याची घोटलेली भाजी देतात, ती तेवढी नको सांगायची.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार, आईला वाचून दाखवलं, बट्टी म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. एकच शंका, वरणात लसणाची फोडणी असते का? आणि लॉजवरच्या काकांनी खिचडी सुचवलीय, वरून कच्चं शेंगदाणा तेल घालून खातात म्हणाले, ती आईला चालेल का? ऐकूनच मला खावीशी वाटतेय.

प्रतिसाद

खिचडी पावसात आमच्याकडं हमखास होते, तुरीच्या डाळीची, वर तेल, सोबत पापड आणि लोणचं. पण फोडणीत लसूण आणि बऱ्याचदा कांदाही असतो म्हणून ती तुम्ही खा, त्यांना नको. वरणाचं जेवणाआधी विचारा, "साधं वरण, फोडणी न देता" असं स्पष्ट सांगा, वरण शिजवून बाजूला ठेवलेलं असतं त्यामुळे त्यांना काही अवघड नाही. बट्टी रोज सगळीकडं नसते, लॉजवाल्यांना फोन करून विचारायला लावा म्हणजे भिजत हेलपाटा नको. नसलीच तर काकूंसाठी साधं वरण, भाकरी, तूप आणि दही. कळण्याची भाकरी भेटली तर तीच घ्या, ज्वारी आणि सालाचे उडीद मीठ घालून एकत्र दळतात, कांदा-लसणाचा संबंध नाही, फक्त उडीद चालतात ना ते त्यांना विचारा. ठेचा आणि चटणी त्यांच्या ताटात वाढू देऊ नका, दोन्हीत लसूण असतो. आणि निघा लवकर, अशा पावसात खानावळी नेहमीपेक्षा आधी आवरतात.